परग्रहवासीयाचे डोळे, मोटारीची चाकं: पिकब्रीडरचं प्रकरण

अमेरिकेत फ्लोरिडातल्या ऑर्लँडो शहरात युनिव्हर्सिटी ऑफ सेंट्रल फ्लोरिडा आहे. तेव्हा तिथे संगणकशास्त्र शिकवणारे केनेथ स्टॅनली आणि त्यांचे विद्यार्थी यांनी २००७ च्या सुमारास 'पिकब्रीडर' नावाची साइट उभी केली. ही चित्रांची पैदास करायची जागा होती. पडद्यावर पंधराएक छोटी चित्रं दिसायची. त्यातलं आवडेल ते निवडलं की त्याची थोडीथोडी बदललेली पिल्लं पुढच्या पडद्यावर यायची. त्यातून पुन्हा निवड, पुन्हा पिल्लं. कुंचला नाही, रंग नाही, रेघ ओढायची सोय नाही. आपल्या हातात फक्त 'हे ठेवतो' एवढं म्हणणं.

एकदा स्टॅनली स्वतःच तिथे खेळत होते. दुसऱ्या कुणीतरी पैदा केलेलं, परग्रहवासीयाच्या चेहऱ्यासारखं एक चित्र त्यांनी उचललं आणि पुढे वाढवायला घेतलं. काही पिढ्यांनी त्या चेहऱ्याचे दोन गोल डोळे खाली सरकले. स्टॅनलींना एकदम त्यात चाकं दिसली. मग त्यांनी तीच वाट धरली आणि थोड्याच निवडींत समोर एक बऱ्यापैकी मोटार उभी राहिली. मोटार काढायचं त्यांच्या मनातही नव्हतं. आणि मनात असतं, तर परग्रहवासीयाच्या चेहऱ्यापासून सुरुवात कोण करेल?

ही गंमत म्हणून सोडून देता आली असती. स्टॅनलींनी ती सोडली नाही, आणि पुढच्या अठरा वर्षांत या एका प्रसंगातून संशोधनाची एक आख्खी ओळ निघाली. उत्क्रांतीच्या अल्गोरिदममधून कला घडवण्याबद्दल मराठीत जे थोडंफार लिहिलं जातं, ते बहुधा 'बघा, संगणकाने काय सुंदर चित्र काढलं' इथेच थांबतं. पिकब्रीडरचं प्रकरण त्याच्या पुढे नेतं, म्हणून ते सविस्तर मांडतो.

आधी काय होतं

नजरेने निवडून चित्रं वाढवायची कल्पना पिकब्रीडरची नव्हे. जीवशास्त्रज्ञ रिचर्ड डॉकिन्स यांनी १९८६ मध्ये उत्क्रांती समजावण्यासाठी 'बायोमॉर्फ' नावाचा प्रोग्राम लिहिला होता. फक्त नऊ जनुकं, म्हणजे आकृती ठरवणारे नऊ आकडे, आणि त्यांवरून फांद्या फुटणारी रेघांची आकृती. झाडांसारख्या आकृत्या मिळतील अशी त्यांची अपेक्षा होती; निवडत गेल्यावर पडद्यावर किडे दिसू लागले तेव्हा ते स्वतःच चकित झाले. १९९१ मध्ये कार्ल सिम्स यांनी मोठी उडी घेतली. त्यांच्या पद्धतीत चित्राचं जनुक म्हणजे लिस्प या संगणकभाषेतलं गणिती सूत्र. 'कनेक्शन मशीन' या त्या काळच्या प्रचंड समांतर संगणकावर ती सूत्रं चित्रांत उलगडायची, माणूस निवडायचा आणि निवडलेल्या सूत्रांचा संकर व्हायचा. त्यांची ती चित्रं आजही जुनी वाटत नाहीत.

या सगळ्यामागची रीत शेतकऱ्याला नव्याने सांगायला नको. पीक काढताना भरलेलं, टपोरं कणीस वेगळं काढून बियाण्यासाठी राखायचं. त्या दाण्याच्या आत काय चाललंय हे माहीत नसलं तरी चालतं. नजर पारखी असली की पुरतं.

अडचण माणसाच्या दमाची होती. संगणक हजारो पिढ्या न थकता काढेल, पण त्याच त्या पंधरा चित्रांकडे बघून निवडणारा माणूस दहा-वीस पिढ्यांत कंटाळतो. या क्षेत्रातल्या लोकांना हा दमण्याचा प्रश्न चांगलाच ठाऊक होता. दहा-वीस पिढ्यांत सुरुवातीच्या ढगळ डागांपासून फार लांब जाता येत नाही, आणि नवा माणूस आला की तोही पुन्हा डागांपासूनच सुरू करतो.

पिकब्रीडरचं खरं योगदान इथे आहे, आणि ते अल्गोरिदमपेक्षा मांडणीतलं आहे. जिमी सेक्रेटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये पहिल्यांदा मांडलेल्या या व्यवस्थेत कुणीही आपलं चित्र प्रकाशित करू शकत होतं, आणि दुसरा कुणीही त्यावरून आपली फांदी काढू शकत होता. मूळ चित्र जागच्या जागी राहायचं. चित्राबरोबर त्याचं जनुक आणि आईबाप कोण हेही साठवलेलं असायचं, त्यामुळे प्रत्येक चित्राची वंशावळ पार मुळापर्यंत बघता यायची. एक माणूस पंधराव्या पिढीला दमला, तर दुसरा सोळावीपासून ताज्या डोळ्यांनी सुरू करायचा. परग्रहवासीयाचा चेहरा करणाऱ्याला मोटार दिसली नव्हती. ती दिसायला वेगळे डोळे लागले.

चित्राच्या पोटात

मोटारीचा प्रसंग योगायोग म्हणून उडवून लावण्याआधी या चित्रांचं जनुक कसं असतं ते बघायला हवं.

पिकब्रीडरमधलं चित्र पिक्सेलांच्या यादीसारखं साठवलेलं नसतं. ते असतं एक छोटं न्यूरल नेटवर्क, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या छोट्या गणिती गाठींचं जाळं. स्टॅनलींनी त्याला सीपीपीएन (कंपोझिशनल पॅटर्न प्रोड्यूसिंग नेटवर्क) असं नाव दिलं होतं. या नेटवर्कला एका बिंदूचा पत्ता द्यायचा: आडवं अंतर किती, उभं अंतर किती, मध्यापासून लांबी किती. ते उत्तर देतं, इथे इतका काळेपणा. प्रत्येक बिंदूसाठी हाच प्रश्न विचारत गेलं की चित्र तयार. रंगीत चित्रात काळेपणाच्या जोडीला रंगाची छटा आणि गडदपणाही येतो.

नेहमीच्या न्यूरल नेटवर्कमध्ये सगळ्या गाठी एकाच प्रकारच्या असतात. इथे मात्र प्रत्येक गाठीचं गणित वेगळं असू शकतं. एखादी गाठ साइन काढते, एखादी घंटेच्या आकाराचा गाउसचा वक्र, एखादी सरळ रेषा. ही निवड फार विचारपूर्वक केलेली आहे. दिवाळीत आकाशकंदिलाच्या झिरमिळ्या कापताना आपण कागद दुमडतो आणि एकदाच कात्री चालवतो. उलगडल्यावर नक्षी दोन्हीकडे सारखी येते. गाउसची गाठ नेमकं हेच करते. आडवं अंतर उणे एक असो की अधिक एक, गाउसचं उत्तर दोन्हीकडे तेच येतं, त्यामुळे त्या गाठीतून पुढे जाणारं सगळं डावी-उजवीकडे आपोआप सारखं होतं. साइनची गाठ म्हणजे कागदाच्या अनेक घड्या: एकच नक्षी रांगेने पुन्हा पुन्हा.

नेटवर्क वाढतं ते 'नीट' या पद्धतीने. ती स्टॅनली आणि रिस्तो मीक्कुलाइनेन यांनी टेक्सास विद्यापीठात असताना २००२ मध्ये मांडली. सुरुवात अगदी लहान नेटवर्कने होते. पुढच्या पिढ्यांत कधी एखाद्या जोडणीचं वजन, म्हणजे तिचा जोर, बदलतं, कधी नवी जोडणी येते, कधी जुन्या जोडणीच्या मधोमध नवी गाठ बसते. जे आधी जमलेलं आहे त्यावरच पुढचं चढतं. एखाद्या पूर्वजात डावी-उजवी सारखेपणा आला आणि कुणाला तो आवडला, की त्या कुळातल्या पुढच्या बहुतेकांना तो वारशात मिळतो.

आता त्या चेहऱ्याकडे परत जाऊ. समोरून दिसणारा चेहरा आणि बाजूने दिसणारी मोटार यांचा सांगाडा बघा. मधोमध उभी अक्षरेषा, दोन्हीकडे साधारण सारखंच, आणि सारख्या अंतरावर दोन गोल. परग्रहवासीयाचे दोन डोळे नेटवर्कमध्ये दोनदा काढलेले नसणार. एकच गोल, सारखेपणाच्या घडीतून दोनदा उमटलेला. म्हणून एका लहानशा बदलाने ते दोन्ही एकदम खाली सरकले. एक डोळा वर राहिला आणि दुसराच घसरला असता, तर चाकं कुणालाच दिसली नसती. चेहरा घडवताना झालेलं काम मोटारीच्या कामी आलं, कारण ते काम 'डोळा' या नावाने झालंच नव्हतं. ते 'सारख्या अंतरावरचे दोन गोल' म्हणून झालं होतं, आणि त्याला डोळा किंवा चाक म्हणणारे आपण होतो.

परीक्षा

पिकब्रीडरवर पुढे कवटी, फुलपाखरू, सफरचंद अशी ओळखू येणारी बरीच चित्रं निघाली. कवटीचं चित्र तर फारच ठसठशीत आहे: डोळ्यांच्या खोबणी, नाकाची पोकळी, खाली दातांचा भास. संशोधकाला इथे स्वाभाविक प्रश्न पडतो. माणसांना थोड्या पिढ्यांत हे सापडलं, तर संगणकाला कवटीचं चित्र समोर ठेवून 'हे गाठ' म्हटलं तर तो किती लवकर गाठेल?

ब्रायन वूली आणि स्टॅनली यांनी २०११ मध्ये हा प्रयोग प्रसिद्ध केला. लक्ष्य म्हणून पिकब्रीडरचीच चित्रं घेतली. नेटवर्क तेच, नीट पद्धत तीच, बदल करण्याचे नियम तेच. फरक एकच होता: माणसाच्या जागी गुण देणारं सूत्र, आणि ते सूत्र लक्ष्य-चित्राशी किती साम्य आहे ते मोजणारं. म्हणजे हे नेटवर्क अस्तित्वात आहे आणि याच पद्धतीने घडू शकतं, हे आधीच सिद्ध झालेलं होतं.

तरीही संगणक अडखळला. माणसांना लागलेल्या पिढ्यांच्या कितीतरी पट अधिक पिढ्या देऊनही अनेक चित्रं हाती आलीच नाहीत. जिथे बऱ्यापैकी साम्य जमलं, तिथे आतलं नेटवर्क माणसांच्या निवडीतून आलेल्या नेटवर्कपेक्षा मोठं आणि गुंतागुंतीचं निघालं.

असं का व्हावं? कवटीचे पूर्वज कवटीसारखे दिसत नाहीत. वंशावळीत मागे गेलं की असे आकार लागतात की त्यांतून पुढे कवटी येईल असं कुणी म्हणणार नाही. साम्य मोजणारं सूत्र त्यांना पहिल्याच फेरीत बाद करतं. समजा एका चित्रात सुंदर डावी-उजवी सारखेपणा आला आहे, पण आकार चुकीच्या जागी आहेत. दुसऱ्या चित्रात कवटीच्या जागी नुसता धूसर पांढुरका डाग आहे. साम्याच्या हिशोबात डाग पुढे जाईल, आणि पुढच्या सगळ्या पिढ्या तो डाग घासूनपुसून कवटीजवळ नेत बसतील. माणूस मात्र पहिलं चित्र ठेवतो. त्याला तेव्हा कवटी नको असते, त्याला ते चित्र बघावंसं वाटतं इतकंच. या 'बघावंसं वाटण्या'ची किंमत मला या प्रकरणातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. सारखेपणा, लय, एखादा अनपेक्षित आकार: माणसाची नजर ज्यावर थबकते, ते बहुधा पुढे उपयोगी पडणारं असतं.

इथे कुणी मोना लिसाचं उदाहरण पुढे करेल, आणि ते रास्त आहे. २००८ च्या डिसेंबरात स्वीडनमधल्या रॉजर योहान्सन यांनी अवघ्या ५० अर्धपारदर्शक बहुभुजांतून उत्क्रांतीच्या पद्धतीने मोना लिसा उभी केली होती. नऊ लाखांहून जास्त पिढ्या लागल्या, पण जमलं. तिथेही लक्ष्य समोर होतं आणि साम्य मोजलं जात होतं. मग तिथे का चाललं? कारण तिथे प्रत्येक बहुभुज आपापल्या कोपऱ्यापुरता असतो. कपाळाजवळचा त्रिकोण हलवला तर हातांना धक्का लागत नाही, त्यामुळे एकेक पाऊल पुढे टाकता येतं. सीपीपीएनमध्ये एक वजन बदललं की पूर्ण चित्र हलतं. योहान्सन यांचा प्रोग्राम मला मनापासून आवडतो, उत्क्रांती शिकवायला त्याच्याइतकं सोपं काही नाही. पण शेवटी तो नक्कल करतो. त्या ५० बहुभुजांना चेहरा म्हणजे काय हे ठाऊक नाही. त्यातला एक हलवला तर मोना लिसा हसणार नाही, फक्त डागाळेल. ही शेवटची गोष्ट लक्षात असू द्या, ती पुढे परत येते.

हरकती

वूली आणि स्टॅनलींच्या प्रयोगावर एक हरकत घ्यायलाच हवी. लक्ष्य निवडलं गेलं ते चित्र सापडल्यानंतर. पिकब्रीडरवर कुणी कवटी शोधायला निघालं नव्हतं. हजारो फांद्यांतून जी ओळखू येणारी चित्रं निघाली, त्यांतली एक कवटी होती. संगणकाला मात्र नेमकी तीच कवटी काढायला सांगितली. बाण मारून झाल्यावर त्याभोवती वर्तुळ काढावं आणि दुसऱ्याला म्हणावं, आता याच वर्तुळात मार, तसा हा सामना होतो. स्टॅनलींच्या बाजूने म्हणायचं तर त्यांचा मुद्दाच हा आहे की माणसांनी वर्तुळ आधी काढलं नव्हतं. तरी 'माणूस जिंकला, यंत्र हरलं' असा या प्रयोगाचा अर्थ लावणं चूक ठरेल.

दुसरी हरकत गुण देण्याच्या सूत्रावर. पडद्यावरचं साम्य हे फार आंधळं माप आहे. जास्त शहाणा परीक्षक बसवला तर?

तो बसवून पाहिला गेला. २०१५ मध्ये आन्ह न्ग्युएन, जेसन योसिन्स्की आणि जेफ क्लून यांनी याच प्रकारची सीपीपीएन चित्रं घेतली आणि परीक्षक म्हणून छायाचित्रं ओळखणारं, १००० प्रकारांवर शिकवलेलं न्यूरल नेटवर्क बसवलं. निकाल दोन तोंडांचा आला. एकीकडे असंख्य चित्रं अशी निघाली की त्या नेटवर्कला त्यांत ९९ टक्क्यांहून जास्त खात्रीने एखादी वस्तू दिसत होती आणि माणसाला निव्वळ पट्टे आणि ठिपके. परीक्षक सहज फसत होता. दुसरीकडे त्यातली काही चित्रं खरोखर देखणी होती, आणि सुचवलेल्या वस्तूचा अर्क त्यांत उतरला होता. या चमूने काही चित्रं ती यंत्राची आहेत हे न सांगता वायोमिंग विद्यापीठाच्या कलास्पर्धेत पाठवली. ती निवडली गेली, बक्षिसाच्या यादीत आली आणि विद्यापीठाच्या कलासंग्रहालयात लागली.

या कामातला एक तपशील मोटारीच्या प्रसंगाला थेट भिडतो. एका वेळी एकच प्रकार गाठायला सांगितला तर अल्गोरिदम अडकत होता. सगळे हजार प्रकार एकदम खुले ठेवले, म्हणजे एका प्रकारासाठी वाढवलेलं चित्र दुसऱ्या प्रकारात जास्त शोभलं तर तिकडे जायची मुभा दिली, तेव्हा निकाल सुधारले. चेहऱ्याची मोटार होऊ देणं हे इथे नियम म्हणून लिहिलं गेलं.

कवटीचा जबडा

२०२५ मध्ये या प्रकरणाला आणखी एक पान जोडलं गेलं, आणि ते वाचून मी पहिल्यांदा हे सगळं लिहून काढायचं ठरवलं. आकर्ष कुमार, जेफ क्लून, जोएल लेहमन आणि स्टॅनली यांनी पिकब्रीडरची जुनी नेटवर्क बाहेर काढली. त्यांत कवटी, फुलपाखरू आणि सफरचंद होतं. त्यांनी तेवढ्याच आकाराचं दुसरं नेटवर्क घेऊन त्याला आजच्या रूढ पद्धतीने, म्हणजे चूक मोजत वजनं हळूहळू दुरुस्त करत, तेच चित्र काढायला शिकवलं. हे काम यंत्राने चोख केलं. दोन्ही कवट्या शेजारी ठेवल्या तर डोळ्यांना फरक कळत नाही.

मग त्यांनी दोन्ही नेटवर्कची एकेक जोडणी हाताने हलवून पाहिली. पिकब्रीडरच्या कवटीत एक जोडणी कमीजास्त केली की तोंड उघडतं आणि मिटतं. दुसरी हलवली की एक डोळा मिचकावला जातो. सफरचंदात एका जोडणीने देठ डुलतो. प्रत्येक वेळी बाकीचं चित्र शाबूत राहतं, कवटी कवटीच राहते. रूढ पद्धतीने शिकवलेल्या नेटवर्कमध्ये कुठलीही जोडणी हलवा, चित्र कुठेही कसंही पिरगळतं. डावा डोळा आणि उजवा डोळा यांचा आपसात संबंध असल्याची खूणसुद्धा सापडत नाही. वरून हुबेहूब, आतून तुकडे तुकडे. ५० बहुभुजांची मोना लिसा डागाळेल असं वर म्हटलं, त्याच जातीची ही गोष्ट.

जबडा उघडावा असं निवडणाऱ्यांनी कधीच मागितलं नव्हतं. त्यांना नेटवर्क दिसतही नव्हतं, दिसत होती ती पडद्यावरची पंधराएक चित्रं. तरी जबडा हा एक अवयव आहे, तो स्वतंत्र हलतो, याची रचना आत तयार झाली.

ही चित्रं लहान आहेत आणि नेटवर्कही लहान. यावरून आजच्या अवाढव्य मॉडेलांबद्दल थेट काही सिद्ध होत नाही, लेखकांनीही ते गृहीतक म्हणूनच मांडलं आहे. माझं लक्ष मात्र कारणाकडे आहे. पिकब्रीडरमध्ये तीन गोष्टी एकत्र होत्या: लहानापासून मोठं होत जाणारं नेटवर्क, माणसाची नजर, आणि एकाच्या चित्रावरून दुसऱ्याने फांदी काढणं. यातली पहिली एकटी पुरेशी नाही, हे वूली आणि स्टॅनलींच्या २०११ च्या प्रयोगातून दिसतंच, कारण तिथेही नेटवर्क नीट पद्धतीनेच लहानापासून वाढवली होती आणि तरी ती गुंतलेली निघाली. उरल्या नजर आणि फांद्या. एकाच माणसाने, कुणाकडून काही न घेता, तितक्याच पिढ्या निवडत नेलं, तर त्याच्या कवटीचा जबडा असा उघडेल का? हा प्रयोग महागडा नाही. एक साधा लॅपटॉप, चिकाटीचा एक माणूस, आणि प्रत्येक पिढीचं जनुक आईबापांच्या नोंदीसह जपून ठेवणारी एक फाइल एवढं त्याला पुरेल.